निराशेतही देवावर भरवसा: सभा संपल्यावर विचारले जाणारे प्रश्न

गेली बावीस वर्षं मी भायखळ्याच्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला संघाची गुरुवारची प्रार्थनासभा घेते. सभेत विचारले जाणारे प्रश्न वेगळे, आणि सभा संपल्यावर चपला घालताना हळूच विचारले जाणारे वेगळे. इथे घेतले आहेत ते हे दुसरे. मी महापालिकेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका, धर्मशास्त्र शिकलेली नाही. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, रोज वाचते आणि आमच्या घरात काय काय घडलं ते मला माहीत आहे. तेवढ्या बळावर लिहिते.

ताई, मी कुणाचं वाईट केलं नाही. मग माझ्याच वाट्याला हे का?

या ‘का’चं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे ते तयार असतं, त्यांच्यापासून जरा जपून राहा. कारण काय ते सांगता येत नसलं, तरी कोणतं कारण नाही हे येशूने स्वच्छ सांगून ठेवलंय. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस दिसतो. शिष्य लगेच विचारतात, पाप कुणाचं? याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. देवाची कार्यं याच्या ठायी दिसावीत म्हणून. एवढं बोलून तो जमिनीवर थुंकतो, माती कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. कारणांची चर्चा तिथेच संपते, हात कामाला लागतात.

लूकाच्या तेराव्या अध्यायातही तेच. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हांला, असं येशू विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. आपल्या मुंबईत दर पावसाळ्यात कुठेतरी जुनी इमारत नाही तर दरड कोसळते. त्या वेळी हे वचन मला फार आधार देतं. तुमचं दुःख ही तुमच्या पापाची पावती आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला हे दोन अध्याय दाखवा.

देवावर रागावणं पाप आहे का?

आमचे पप्पा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे कापडाचे माग चालवणारे, होते. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, आणि त्याच्याबरोबर आमच्यासारखी घरंही. मी तेव्हा सातवीत होते. आईने चार माणसांचे डबे सुरू केले, पुढे त्याचे अकरा झाले. पप्पा पहाटे उठून पाणी भरायचे आणि मग खाटेच्या कडेला शास्त्र उघडून बसायचे. मला वाटायचं, हा माणूस किती शांत आहे.

मोठी झाल्यावर एकदा त्यांचं बायबल चाळताना स्तोत्र 13 पाशी थांबले. हे सहाच वचनांचं स्तोत्र. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा एकच सवाल करतो: कोठवर? कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार? त्या ‘कोठवर’च्या बाजूला, समासात, पेन्सिलीने बारीक तारखा लिहिल्या होत्या. पहिली 3-6-82. जून म्हणजे शाळा सुरू, वह्या, फी. मग 20-12-82, नाताळच्या पाच दिवस आधीची. त्याखाली आणखी कितीतरी.

मी त्यांना विचारलं, “पप्पा, हे काय?” त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “त्या त्या दिवशी त्याला विचारलं होतं. तक्रार त्याच्याच दारात न्यायची, बाळ. दुसऱ्याच्या दारात नेली की ती कुरकुर होते.”

या विषयावर मला जे काही कळलंय ते सगळं या एका वाक्यातून कळलंय. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात, पण 88 वं स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे; कुणी ते काढून टाकलं नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडून निघालेले शब्दही 22 व्या स्तोत्रातले: “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” प्रश्न विचारताना त्याने ‘माझ्या देवा’ म्हणणं सोडलेलं नाही, हे बघा.

शास्त्रातला ईयोब, ज्याचं सगळं हिरावलं गेलं, तो तर अध्यायामागून अध्याय देवाशी भांडतो. जन्मदिवसाला शाप देतो, देवाने समोर येऊन जाब द्यावा म्हणतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन सुंदर प्रवचनं करतात. शेवटच्या अध्यायात देवाचा राग भडकतो तो त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना सांगतो. रागावून बोलणारा जवळचा निघाला.

तेव्हा रागवा. फक्त त्याच्याकडे पाठ करून रागावू नका.

प्रार्थना ऐकली गेली नाही, म्हणजे माझा विश्वास कमी पडला का?

नाही. हे मी फार ठामपणे लिहितेय, कारण या एका वाक्याने माझ्या आईचं काय झालं ते मी पाहिलंय.

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला. 2004 साल होतं. सात महिने परळला ये-जा चालली. टाटा हॉस्पिटलच्या आसपासचे फुटपाथ ज्यांनी पाहिलेत त्यांना ती दुनिया माहीत आहे. गावाहून आलेली कुटुंबं, प्लास्टिकच्या फायली, स्टोव्हवर शिजणारा भात. कुठेकुठे उशाखाली अंगारा, कुठे जपमाळ, कुठे तावीज. आम्ही एकवीस दिवस उपास-प्रार्थना केली. मंडळीतल्या बायका आळीपाळीने आमच्याकडे येऊन बसायच्या. ऑक्टोबरात तो गेला. शिवडीच्या दफनभूमीत माती दिली.

महिन्याभराने बाहेरगावचे एक प्रचारक आले. घरी प्रार्थनेला बसले आणि सांत्वन म्हणून म्हणाले, “घरात कुणाचा तरी विश्वास डळमळला असणार.” आईने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. त्या रात्रीपासून ती हिशोब करत बसली: कोणत्या रात्री ती प्रार्थनेत झोपी गेली, कोणत्या दिवशी डॉक्टरांसमोर रडली. ती पुढे नऊ वर्षं जगली, पण सभेत तिने पुन्हा कधी मोठ्याने प्रार्थना केली नाही.

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नव्हतं. आज सुचतं, म्हणून लिहून ठेवते. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. “माझी कृपा तुला पुरे आहे,” एवढं मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता का? गेथशेमाने बागेत येशूने बापाला विनवलं, हा प्याला माझ्यापुढून टळून जावो. टळला नाही. त्याचाही विश्वास कमी होता म्हणायचं का? आणि मार्काच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येतो आणि रडवेला होऊन म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. अर्धामुर्धा विश्वास. त्याचा मुलगा बरा झाला.

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय म्हणजे विश्वासवीरांची यादी. त्यातलं 35 वं वचन सावकाश वाचा. स्त्रियांना त्यांची मेलेली माणसं परत मिळाली, असं ते सुरू होतं. आणि त्याच वचनाच्या मध्यावर, दुसऱ्यांचे हाल हाल झाले, असं वळतं. पुढे कुणी करवतीने कापले गेले, कुणी तलवारीने मेले. दोन्हीकडच्या माणसांना विश्वासाबद्दल एकच शाबासकी आहे. ज्यांना मिळालं त्यांच्या आणि ज्यांना नाही मिळालं त्यांच्या विश्वासात शास्त्राने अर्ध्या ओळीचंही अंतर ठेवलेलं नाही.

आई असती तर तिला हे वचन मोठ्याने वाचून दाखवलं असतं.

‘देवाकडे माझ्या हिताची योजना आहे’ हे यिर्मयाचं वचन माझ्या फ्रिजवर आहे. मग चौदा वर्षं घर का नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्या भगिनीची चाळ 2011 साली पुनर्विकासासाठी रिकामी झाली. तीन वर्षांत नव्या इमारतीत, असं ठरलं होतं. दोन वर्षांनी भाड्याचे पैसे यायचे बंद झाले. जुन्या चाळीच्या जागी पत्रे लावलेला खड्डा. ती आणि तिचा नवरा आता कळव्याच्या पुढे भाड्याच्या खोलीत राहतात. मुंबईत अशी किती घरं आहेत ते तुम्हांला सांगायला नको.

यिर्मया 29:11 हे वचन आपल्याकडे कॅलेंडरवर, कपांवर, लग्नाच्या भेटकार्डांवर असतं. पण ते एका पत्रातलं आहे. यरुशलेमेतून बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवलं. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. ऐकायला किती बरं वाटलं असेल! यिर्मयाने मात्र लिहिलं, सत्तर वर्षं. हे अकराव्या वचनाच्या बरोबर वरच्या वचनात आहे. फ्रिजवर ते कुणी लावत नाही. म्हणजे पत्र वाचणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना परतीचा रस्ता दिसणार नव्हता.

मग त्यांनी काय करायचं? पाचव्या वचनापासून तेही आहे. घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. मुलांची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्याचं हित चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आम्ही दोघींनी ते पत्र तिच्या खोलीवर बसून वाचलं. खोलीत भिंतीला लागून सहा खोकी होती, दोरीने बांधलेली. चाळ सोडताना बांधलेली तशीच. “परत जायचंच आहे ना, कशाला सोडायची,” असं म्हणत वर्षं गेली. आत तिच्या लग्नातला काचेचा सेट होता, सासूच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. त्या दिवशी ती काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात गेले तेव्हा चहा त्या सेटच्या कपात आला. कपाच्या कडेला सोनेरी रेघ होती, आत वर्तमानपत्राच्या शाईचा पुसट डाग. खिडकीत रंगाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता लावला होता. घराची केस अजून चालू आहे, आणि ती तारखेला जाते. दोन्ही करते.

माउंट मेरीला नवस केला होता. पूर्ण झाला नाही. आता काय?

मी प्रॉटेस्टंट मंडळीतली, आमच्यात नवस बोलत नाहीत. पण सप्टेंबरात मोतमाउलीच्या जत्रेला बांद्र्याची ती टेकडी मीही चढलेय, कॅथलिक मैत्रिणींबरोबर. चढावर दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकानं: हात, पाय, डोळे, घर, तान्हं बाळ. सगळ्या धर्मांची माणसं ती घेऊन वर जातात. मेणाचं बाळ हातात धरून रांगेत उभ्या असलेल्या बाईला नाव ठेवण्याची माझी हिंमत नाही. तिने आपलं दुःख लपवून ठेवलेलं नाही.

जे मागितलं ते मिळालं नाही म्हणून तुम्ही वाईट मागितलं असं होत नाही, आणि तुमच्या देण्यात कसर राहिली असंही नाही. देवाच्या दयेला भाव ठरलेला नसतो. मिळालं तेव्हाही ती आपण विकत घेतलेली नव्हती. मनात काही राहून गेल्यासारखं वाटत असेल, तर तुमच्या फादरांशी बोला. आणि पुढच्या सप्टेंबरात रिकाम्या हातांनी वर जायलाही हरकत नाही.

“देव झेपेल तेवढंच ओझं देतो” हे कुठल्या अध्यायात आहे?

कुठल्याच नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात (10:13) शक्तीपलीकडे परीक्षा होऊ देणार नाही असं आहे. ते मोहात पडण्याबद्दल आहे. त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल लिहितो, आमच्यावर शक्तीबाहेर भार पडला, जगण्याचीही आशा सुटली. झेपत नसेल तर “झेपत नाही” म्हणा. पौलही म्हणाला.

मला प्रार्थनाच करता येत नाही. तोंड उघडलं की काही येत नाही.

भाऊ गेल्यावर अकरा महिने माझं हेच झालं होतं. रविवारी उपासनेला जायचे आणि शेवटच्या बाकावर बसायचे, दाराशी, म्हणजे आशीर्वाद व्हायच्या आत निघता येईल. गीतं चालू असायची, माझे ओठ बंद. आमच्या पाळकीणबाईंनी एकदाही विचारलं नाही, “पुढे का बसत नाहीस?” त्या तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून माझ्या शेजारी येऊन बसायला लागल्या. गीताचं पुस्तक दोघींच्या मध्ये उघडं धरायच्या आणि गायच्या. मी नाही गायले तरी पान माझ्यासमोर असायचं.

म्हणून माझा सल्ला एवढाच. स्वतःचे शब्द नसतील तर उसने घ्या. स्तोत्रं त्यासाठीच आहेत. दुसऱ्याने रडून ठेवलेलं आपल्याला वाचता येतं. रोज एक, समजो न समजो. वाचवत नसेल तर नुसतं जाऊन बसा. कुणाला तरी सांगा, “माझ्यासाठी तू प्रार्थना कर, मला जमत नाही.” लकव्याच्या माणसाला चौघांनी खाटेसकट छपरातून येशूपुढे उतरवलं. येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं मार्क लिहितो. त्यांचा, म्हणजे आणणाऱ्यांचाही.

औषध घेणं, समुपदेशकाकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं का?

एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून “आता पुरे, माझा प्राण घे” म्हणाला, तेव्हा दूताने त्याला वचनं ऐकवली नाहीत. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. देवाशी बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर आत्ता, हे वाचणं थांबवून, 14416 ला फोन करा. ही सरकारची टेलीमानस सेवा आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतून. आणि घरातल्या एका माणसाला उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

मंडळीत लोकांच्या साक्षी ऐकवत नाहीत. जळतेय का मी?

नाही. नोकरी लागली, व्हिसा आला, गाठ विरली, अशा साक्षी ऐकताना ज्याच्या घरात हे घडलं नाही त्याचा जीव कसा होत असेल ते मला ठाऊक आहे. दोष तुमचा नाही. आपण साक्षीची वेळ फक्त ‘झालं’वाल्यांना दिली आहे.

लूकाच्या 24 व्या अध्यायात दोघं जण अम्माऊसला चाललेत. येशू गेला, सगळं संपलं, म्हणून यरुशलेम सोडून निघालेत. वाटेत एक अनोळखी माणूस गाठ घालतो आणि विचारतो, काय बोलत चाललात? ते थांबतात, तोंडं उतरलेली. आम्हांला आशा होती की, इस्राएलाची मुक्ती करणारा तो हाच, असं सांगतात. ‘होती’. मुंबईत रोज लोकलमध्ये उभी असलेली निम्मी माणसं हे ‘होती’ पोटात घेऊन उभी असतील. उठलेला प्रभू त्यांना अडवत नाही, ‘अरे मीच तो’ म्हणून मध्येच तोडत नाही. त्याला सगळं माहीत असून तो त्यांच्या तोंडून सगळं ऐकून घेतो आणि त्यांच्या बरोबरीने चालतो, उलट्या दिशेला.

आमच्या गुरुवारच्या सभेत आम्ही शेवटची दहा मिनिटं ‘अजून झालं नाही’साठी ठेवलीत. उठायचं, काय झालं नाही ते सांगायचं, बसायचं. कुणी उत्तर द्यायचं नाही. पहिले दोन गुरुवार कुणीच उठलं नाही. तिसऱ्या गुरुवारी एक सत्तरीच्या आजी उठल्या.

एखाद्याच्या घरी दुःख झालं तर काय बोलावं?

कमी. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेलं तेवढंच बरोबर. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. लाजराच्या कबरेपाशी येशूला पुढच्या काही क्षणांत मेलेला लाजर उठणार हे ठाऊक होतं, तरी योहान लिहितो, येशू रडला. लाजराची बहीण मार्था त्याला “तू इथे असतास तर” असं तोंडावर बोलली, तेही त्याने ऐकून घेतलं.

‘देवाला जास्त आवडत होता म्हणून नेलं’ हे तर कधीच नको. लहान पोरांच्या मनात देवाची धास्ती बसते.

डबा न्या. डब्यावर तुमचं नाव लिहू नका, म्हणजे तो परत करायची धावपळ त्यांना नको. हॉस्पिटलच्या फायली लावून द्या, बँकेत सोबत जा. आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा जा. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं. तिसऱ्या महिन्यात बेल वाजत नाही.

आपल्या मराठी माणसांत असं कुणी जगलंय का? परदेशातल्या गोष्टी ऐकून कंटाळा आला.

पंडिता रमाबाई. आपण त्यांना शाळेच्या धड्यात बसवून मोकळे होतो, पण त्यांच्या आयुष्यातली माणसं मोजून बघा. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. 1880 साली भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, 1882 साली, नवरा गेला. पदरात तान्ही मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 च्या मार्चमध्ये इथे, गिरगाव चौपाटीजवळ, विधवांसाठी शारदा सदन काढलं. ते पुण्याला गेल्यावर 1893 साली गदारोळ झाला आणि पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. रमाबाई केडगावला गेल्या. मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातल्या शेकडो मुली तिथे आल्या. ज्या बाईची स्वतःची माणसं भुकेने गेली, तिने दुष्काळातल्या मुलींना जेवायला वाढलं.

आणि हे सगळं मनोरमेच्या हाती द्यायचं, असं ठरलेलं असताना 1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्यांनी ते काम खाली ठेवलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, भाषांतर पुरं करून. लेक गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत विलापगीतासारखी पानं त्यांच्या नजरेखालून गेली असतील तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग भरवसा म्हणजे नक्की काय? ‘होईल, होईल’ असं म्हणत राहायचं?

दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायातल्या तिघा तरुणांना राजाने आगीच्या भट्टीसमोर उभं केलं. ते म्हणाले, आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे; आणि नाही सोडवलं, तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. मी त्या ‘नाही तरी’ला भरवसा म्हणते. मागणं सोडायचं नाही, मागताना लाजायचं नाही, आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी बोलणं तोडायचं नाही.

हे मला रोज जमतं असं नाही. गेल्याच महिन्यात एका रात्री जमलं नव्हतं. सकाळी जमलं.

तुमच्या पप्पांची गिरणी पुन्हा सुरू झाली का?

नाही. काही वर्षं त्यांनी एका टॉवरवर वॉचमनचं काम केलं. तो टॉवर गिरणीच्याच जागेवर उभा होता, त्यांच्या साच्यापासून फार लांब नसेल. गिरणी कामगारांच्या घरांसाठी त्यांनी अर्ज भरला होता. 2012 साली सोडत निघाली तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. नंबर लागला नाही. आई पुढच्या वर्षी गेली, ते त्याच्या पुढच्या वर्षी.

त्यांचं बायबल आता माझ्याकडे आहे. स्तोत्र 13 च्या समासातल्या तारखा मी मोजल्या, एकोणीस भरल्या. शेवटची त्यांच्या मृत्यूच्या नऊ दिवस आधीची. अक्षर थरथरतंय, आकडे ओळ सोडून खाली उतरलेत, पण ‘कोठवर’च्या बाजूलाच आहेत. घराच्या अर्जाची पावती त्याच पानात घडी घालून ठेवली होती. मी ती तिथेच राहू दिलीय, आणि पेन्सिलही.